एक सावकाश क्रियापद

इंग्रजी शब्दकोश काढून ‘डॅली’ या क्रियापदाचा अर्थ शोधत बसलेला माणूस त्या वेळी दुसरं एखादं जास्त महत्त्वाचं काम टाळत असतो, असं समजायला हरकत नाही. कारण या शब्दावाचून कोणाचंही अडत नाही. तरी तो शोधतो आणि त्याला दोन अर्थ सापडतात. एक, रेंगाळणे, वेळ काढणे. दुसरा, प्रेमाचे चाळे करणे, तेही पुढे काही करायचा विचार नसताना. दोन्हींच्या मध्ये भिंत म्हणून कोशकारानं एक अर्धविराम उभा केलेला असतो. आता समजा, एखाद्या कचेरीत वरून इंग्रजीत हुकूम आला, की या फायलीबाबत ‘डॅली’ करू नये. कोश उघडून बसलेल्या कारकुनानं काय समजायचं? उशीर केल्याचा ठपका त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. पण फायलीशी लगट केल्याचा संशय? "साहेब, तिला मी महिनाभर हातसुद्धा लावलेला नाही," असं त्यानं कळवळून सांगितलं, तर एका आरोपातून त्याची निर्दोष सुटका होईल आणि दुसऱ्याची कबुली नोंदवली जाईल.

या गोंधळावर इंग्रजीत उपाय आहे, पण तो इंग्रजी पद्धतीचा आहे. क्रियापदापुढे ‘ओव्हर’ आलं की माणूस रेंगाळत असतो. ‘विथ’ आलं की लगट करत असतो. जेवणावर, पत्रावर, निर्णयावर ‘डॅली ओव्हर’ करता येतं. बाईशी, बुवाशी किंवा नुसत्या एखाद्या कल्पनेशी ‘डॅली विथ’ करता येतं. नोकरी सोडून गावाकडे शेती करायची, ही कल्पना घ्या. तिच्याशी निम्मं पुणं शनिवारी संध्याकाळी लगट करतं आणि सोमवारी सकाळी ओळखसुद्धा दाखवत नाही. माणसाचं चारित्र्य एवढ्याशा शब्दावर सोपवून निश्चिंत झोपणं इंग्रजांनाच जमावं. माझं म्हणणं मात्र असं, की हे ‘ओव्हर’ आणि ‘विथ’ विनाकारण राबताहेत. कोशातले ते दोन अर्थ मुळात दोन नाहीतच. रेंगाळणारा आणि लगट करणारा एकच उद्योग करत असतात. आता हे पोचणारच असं बाकीच्यांना वाटत असतं, त्या ठिकाणाच्या जरा अलीकडे ते मुक्काम ठोकतात आणि तिथली हवा त्यांना मानवते. एकाचा मुक्काम कामाच्या अलीकडे, दुसऱ्याचा लग्नाच्या. भाषेनं दोघांना एका खोलीत ठेवलं, ते जागेच्या टंचाईमुळे नव्हे.

शब्दाचा इतिहास माझ्याच बाजूनं साक्ष देतो. जुन्या फ्रेंचमधून तो चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ साधा गप्पा मारणे, बोलत बसणे असा होता, आणि त्यात काही वावगं नव्हतं. पंधराव्या शतकात लिन गावच्या मार्जरी केंप नावाच्या एका भाविक बाईंनी आपली जीवनकथा सांगून लिहवून घेतली. या बाई चौदा मुलांची आई. ‘डॅलियन्स’ हा शब्द त्या वापरतात तो येशूशी होणाऱ्या आपल्या संभाषणासाठी. पण सगळेच बोलणारे इतके सोवळे नव्हते. त्यांच्याही आधी चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक भिक्षेकरी फ्रायर रंगवून ठेवला होता. हा गृहस्थ गोड बोलण्यात आणि ‘डॅलियन्स’मध्ये सगळ्या पंथांत अव्वल, आणि कित्येक तरुण मुलींची लग्नं त्यानं स्वतःच्या खर्चानं लावून दिलेली. का, ते चॉसर सांगत नाही. सोळाव्या शतकापर्यंत या शब्दात वेळ दवडण्याचा अर्थही येऊन बसला. गप्पा, मग लाडीगोडी, मग वेळेचं खोबरं. हा क्रम लावायला पंडितांना दोन-तीनशे वर्षांचे कागद चाळावे लागले. कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर तो एका सत्रात पुरा होतो. जूनमध्ये गप्पा, ऑगस्टमध्ये लाडीगोडी, दिवाळीनंतर एटीकेटी.

शेक्सपिअरला हे पक्कं ठाऊक होतं. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात लेअर्टीस फ्रान्सला निघालेला आहे. सामान जहाजावर चढलेलं आहे. तरी हा उभा राहून बहिणीला, ओफिलियाला, राजपुत्राच्या लाघवीपणापासून सावध राहण्यावर व्याख्यान देतो. ती शांतपणे ऐकून घेते आणि सुचवते, की दादा, मला काट्याची वाट दाखवून तू स्वतः फुलांच्या वाटेनं जाऊ नकोस म्हणजे झालं. त्या फुलांच्या वाटेला ती ‘डॅलियन्स’चीच वाट म्हणते. दादाला एकदम आठवतं, की आपल्याला फार उशीर झाला आहे. तेवढ्यात वडील येतात. "अजून इथेच? वारा शिडात भरलाय, सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत!" असं खेकसतात आणि लगेच त्याच मुलाला धरून उपदेशाची अख्खी यादी ऐकवतात. फार बोलू नये, हा त्या यादीतला एक मुद्दा आहे. एका प्रवेशात एकाच घरातली तीन माणसं, शब्द चाळ्यांचा आणि घोटाळा उशिराचा. नाटकाचा नायक तर या विद्येचा महामहोपाध्यायच. बापाचं भूत पहिल्या अंकात सूड घे म्हणून सांगून जातं, आणि हा पाचव्या अंकापर्यंत विचार करतो. मधल्या काळात ओफिलियालाही तो तेच देतो जे सुडाला देतो, म्हणजे पुष्कळ बोलणं आणि तारीख कुठलीच नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावानं हे नाटक मराठीत आणलं आणि पुढे गणपतराव जोशांनी हॅम्लेट असा काही उभा केला, की प्रेक्षक या दिरंगाईवर पैसे देऊन टाळ्या वाजवू लागले. तीच दिरंगाई दुसऱ्या दिवशी कचेरीत दिसली, की ते तक्रार अर्ज लिहीत असतील.

पण शेक्सपिअरला पुस्तकं धुंडाळायची गरज नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर सिंहासनावर साक्षात हे क्रियापद बसलेलं होतं. पहिली एलिझाबेथ १५५८ साली राणी झाली आणि पुढच्याच वर्षी संसदेनं तिला लग्न करण्याची विनंती केली. मग १५६३ साली केली, १५६६ साली केली. प्रत्येक वेळी तिनं उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तर वाचून सभासद घरी जाताना एकमेकांना विचारत असणार, "म्हणजे हो की नाही?" आपल्याकडे मुलगी पाहून परतलेली मंडळी "आम्ही कळवतो" म्हणतात, ते राजभाषेत आणि अलंकारांसह कसं म्हणावं, याचे ते नमुने आहेत. स्पेनच्या फिलिपनं विचारलं, स्वीडनच्या एरिकनं विचारलं, ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सची बोलणी तर वर्षानुवर्षं चालली. कोणालाही तिनं चटकन हो म्हटलं नाही, आणि त्याहून महत्त्वाचं, चटकन नाहीही म्हटलं नाही. कारण जोवर बोलणी चालू आहेत तोवर होणारा जावई सासुरवाडीवर स्वारी करत नाही. फ्रान्स गप्प ठेवायचा तर फ्रान्सचा राजपुत्र आशेवर ठेवावा, आणि त्या आशेकडे पाहून स्पेननंही जरा दमानं घ्यावं, असं ते राजकारण.

त्यातला कळस आंजूच्या ड्यूकचा. फ्रान्सच्या राजाचा हा धाकटा भाऊ स्वतः दोनदा इंग्लंडात आला. राणी त्याला लाडानं आपला बेडूक म्हणायची. नोव्हेंबर १५८१ मध्ये, ती अठ्ठेचाळीस वर्षांची आणि तो सव्वीसचा असताना, तिनं दरबारी मंडळींसमोर त्याचं चुंबन घेतलं, बोटातली अंगठी काढून त्याला दिली आणि याच्याशी मी लग्न करणार असं सांगितलं. वकिलांनी धावत जाऊन आपापल्या राजांना पत्रं लिहिली. ती पत्रं वाटेत असतानाच राणीचा विचार बदलला. बेडूक मात्र हलेना. तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तिथेच घुटमळत राहिला आणि शेवटी पैसे देऊन त्याला बोटीवर बसवावं लागलं. इतकी वर्षं चाललेल्या या प्रकरणाला प्रेमाचे चाळे म्हणायचं की निर्णयातली दिरंगाई? ‘ओव्हर’ की ‘विथ’? इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा, कोशाला दोन्ही मंजूर आहे. रॉबर्ट डडलीची कथा तर आणखी करुण. राणीच्या मर्जीतला हा माणूस तिची वाट पाहत राहिला. १५७५ साली केनिलवर्थच्या आपल्या किल्ल्यात त्यानं तिच्यासाठी एकोणीस दिवस जलसे केले. तीन वर्षांनी कंटाळून त्यानं गुपचूप दुसरीशी लग्न केलं, तर राणी भयंकर संतापली. तिला तो नवरा म्हणून नको होता, पण रांग सोडून गेलेला चालत नव्हता. याच राणीकडे लंडनच्या व्यापाऱ्यांनी १५९९ साली पूर्वेकडे व्यापार करण्याची सनद मागितली. स्पेनशी तहाची बोलणी चालू होती, म्हणून ते काम राहिलं. सनद मिळाली ती १६०० सालच्या ३१ डिसेंबरला, शतकाचे काही तास उरले असताना. त्या ईस्ट इंडिया कंपनीचं पुढे आपल्याकडे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. बाईंनी नेहमीच्या सवयीनं आणखी थोडं रेंगाळायला काय हरकत होती, एवढंच वाटतं.

इथे कोणी म्हणेल, की राणीचं सोडा, सामान्य माणसात लगट करणारा चपळ असतो आणि रेंगाळणारा आळशी, तेव्हा दोघांना एका मापानं कसं मोजता? हा आक्षेप घेणाऱ्यानं खरा रेंगाळणारा पाहिलेलाच नाही. आळशी माणूस पडून राहतो. रेंगाळणाऱ्याला पडून राहणं परवडत नाही, त्याला सतत दुसरं काहीतरी करावं लागतं. प्राप्तिकराचं विवरण भरायच्या दिवशी तो माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं घासतो. डॉक्टर जॉन्सनांचं पाहा. त्यांनी १७४६ साली इंग्रजी कोशाचा करार केला, तीन वर्षांत पुरा करतो असं सांगितलं आणि कोश आला १७५५ साली. मधल्या काळात हे झोपले होते का? दोन वर्षं आठवड्यातून दोनदा ‘रॅम्बलर’ नावाचं निबंधांचं पत्र काढत होते, दोनशे आठ अंक! त्यातला एक निबंध कामं पुढे ढकलण्याच्या वाईट सवयीवर आहे, आणि तो छापखान्याचा पोरगा दारात ताटकळत असताना घाईघाईनं उरकला, अशी आठवण त्यांच्या ओळखीच्या बाईंनी लिहून ठेवली आहे. त्यांच्या कोशात ‘डॅली’चे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत, आणि या बाबतीत निदान एका अर्थाचा अनुभव त्यांच्या गाठी भरपूर होता. अलीकडे स्टॅनफर्डच्या जॉन पेरी या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी तर याचं शास्त्रच केलं. १९९६ सालच्या निबंधात ते म्हणतात, की टाळायला एखादं अतिमहत्त्वाचं काम हाताशी असलं, की ते टाळण्यासाठी माणूस बाकीची सगळी कामं हसत करतो. त्यांना या निबंधाबद्दल साहित्याचं इग नोबेल पारितोषिक मिळालं ते २०११ साली. पारितोषिक समितीनं निबंध नुसता वाचला नाही, आचरणातही आणला असं दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. लगट करायला दोघं लागतात, रेंगाळणं एकट्यालाही जमतं. जमतं का, हाच प्रश्न आहे. निर्मनुष्य बेटावर अडकलेला माणूस उशीर करूच शकत नाही, कारण त्याची वाट कोणी पाहत नसतं. रेंगाळायला एक ताटकळणारा लागतोच. छापखान्याचा पोरगा लागतो, जिन्यात चपला घालून उभी असलेली बायको लागते, दिवाळी अंकाचा संपादक लागतो. संपादक आणि लेखक यांचं संभाषण ऐका. "लेख कुठवर आला?" "आलाच." "म्हणजे लिहून झाला?" "डोक्यात पूर्ण तयार आहे." "मग पाठवताय कधी?" "तुम्हाला असातसा द्यायचा नाही ना मला." यातला ‘लेख’ काढून तिथे ‘लग्नाचा विचार’ घाला. बागेतल्या कुठल्याही बाकावर हे जसंच्या तसं खपेल. आम्हा लिहिणाऱ्यांची सगळी जातच अशी. मजकूर देतो त्याहून जास्त आश्वासनं देतो, आणि संपादकांनाही आश्वासनांचीच चटक लागलेली असते. वेळेवर लेख देणाऱ्या लेखकाला ते मान देतात, पण फोन मात्र आमच्यासारख्यांनाच करतात.

आता काही जण म्हणतील, की हे सगळे साहेबांचे चोचले, मराठीत काम वेगळं आणि प्रेम वेगळं. मराठीत ‘टंगळमंगळ’ आहे, ‘चालढकल’ आहे, ‘दिरंगाई’ आहे आणि यातल्या एकालाही प्रेमाचा वास नाही, हे खरं. पण ‘घुटमळणे’ घ्या. तिच्या गल्लीत संध्याकाळी सायकलची चेन चौथ्यांदा बसवणारा घुटमळतो, आणि साहेबांच्या केबिनबाहेर रजेचा अर्ज घेऊन उभा असलेलाही घुटमळतो. ‘खेळवणे’ तर इंग्रजीच्या तोडीस तोड आहे. "तिनं त्याला तीन वर्षं खेळवलं" आणि "बिल्डरनं आम्हाला तीन वर्षं खेळवलं" ही दोन वाक्यं बोलताना आवाजातला हुंदकासुद्धा सारखाच निघतो. वास्तविक बिल्डरइतका कसलेला प्रियकर शोधून सापडणार नाही. आधी गुळगुळीत माहितीपत्रक, मग सजवलेला नमुना फ्लॅट, हातात हात घेऊन "तुमचंच घर समजा" आणि शेवटी दिवाळीला किल्ली. कुठल्या दिवाळीला, हे विचारणं रसिकपणाचं लक्षण नाही. लगट करणारा निदान कोणाचं तरी मन मोडतो, नुसता उशीर करणारा निरुपद्रवी, असं मानणाऱ्यांनी भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरणाऱ्या कुटुंबाला जाऊन विचारावं. फसवलेल्या प्रियकराला दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज तरी येत नाही.

‘डिली-डॅली’ या जोडशब्दाविषयी फार सांगण्यासारखं नाही. टंगळमंगळीसारखाच तो जागच्या जागी गिरक्या घेतो. १९१९ साली तो एका गाण्यातून लंडनच्या संगीत-नाट्यगृहांत गाजला, मारी लॉइड या गायिकेमुळे. भाडं थकल्यामुळे रातोरात बिऱ्हाड हलवणारं जोडपं. नवरा सामानाच्या गाडीबरोबर पुढे, बायको पिंजऱ्यातला पक्षी घेऊन मागून. ती वाटेत रेंगाळते, गाडी दिसेनाशी होते आणि बाईंना नवीन घराचा पत्ताच ठाऊक नसतो. यात चाळे कुठेच नाहीत, हा मुद्दा विरोधकांना खुशाल मिळू दे. मात्र बाई वाटेत एखादा घोट घ्यायला थांबते, हे त्यांनी ध्यानात ठेवावं.

राहता राहिला व्यवहारी वाचकाचा सवाल, की जगात कुठे तरी ‘डॅली’ करून काम पुरं होतं का? होतं, अमेरिकेच्या पश्चिमेकडे, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिथल्या गुराख्यांच्या बोलीत दोर वेटाळण्याला ‘डॅली’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिशमधून आलेला, आपल्या क्रियापदाचा केवळ नामसखा. घोडा फेकायचा, पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकायचा आणि दोराचं दुसरं टोक खोगिराच्या मुठीला झटकन गुंडाळायचं. हे करताना जो क्षणभर रेंगाळला, त्याचा अंगठा दोर आणि मूठ यांच्यामध्ये सापडतो आणि पुष्कळदा तिथेच राहतो. कॅलिफोर्नियाकडची ही रीत. टेक्सासचे गुराखी असला धोका पत्करत नाहीत. ते दोराचं टोक खोगिराला आधीच पक्कं बांधून ठेवतात आणि मग फास टाकतात, म्हणजे आधी गाठ, मग गाय. आपल्याकडे पत्रिका पाहून ठरवलेली लग्नं याच टेक्सासी पद्धतीनं होत आली आहेत, आणि अंगठ्याच्या दृष्टीनं ती निर्विवाद सुरक्षित आहे. तिच्यात एकच अडचण सांगतात. फासात भलताच बैल आला, तर कॅलिफोर्नियावाला वेटोळी सोडून मोकळा होतो, टेक्सासवाल्याला सोडता येत नाही.